घरच्या दिवसाचा फोटो

मंगळवारी सकाळी साडेसातला अमरसिंह आपल्या घरी टेबलापाशी बसून लेकीला शिकवत होता, अशी नोंद कनान ख्रिश्चन स्कूलच्या रजिस्टरात आहे. त्या वेळी अमरसिंह कागल पंचतारांकित एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये चौथ्या सीटवर बसला होता. मांडीवर डबा होता आणि उजव्या हाताच्या अंगठ्यानं तो आपलाच फोटो शाळेला पाठवत होता. फोटोत त्याच्या अंगात निळा शर्ट होता. बसमध्ये कंपनीचा खाकी.

"कुणाला गुड मॉर्निंग धाडतुयास रं सकाळ सकाळ?" शेजारच्यानं विचारलं.

"शाळा भरवतोय," अमरसिंह म्हणाला आणि त्यानं फोन खिशात घातला.

कनान स्कूल आठवड्यातले तीन दिवस शाळेत भरायची आणि दोन दिवस घरात. प्रिन्सिपॉल सर परदेशात कुठल्याशा परिषदेला गेले होते, तिथून ही कल्पना घेऊन आले. मूल देवानं आईबापाच्या पदरात घातलंय, शाळेच्या नाही, म्हणून मंगळवारी आणि गुरुवारी आईबापांनीच त्याला शिकवायचं, असं ते प्रत्येक सभेत सांगत. सांगणं चांगलंच होतं. आईबाप सभेत माना डोलवत आणि बाहेर चपला घालताना एकमेकांना विचारत, "मंगळवारचं तुम्ही कसं भागवताय ओ?"

आईबाप खरंच शिकवतात का, हे बघायला शाळेनं सोपी युक्ती काढली होती. सकाळी नऊच्या आत फोटो पाठवायचा. फोटोत मूल पाहिजे, आई नाहीतर बाप पाहिजे, पुस्तक पाहिजे आणि पाटीवर त्या दिवसाचं बायबलमधलं वचन पाहिजे. फोटो आला की हजर, नाही आला की गैरहजर. सहामाहीत तीन गैरहजेऱ्या झाल्या की मुलाची जागा जायची, आणि ती घ्यायला बाहेर लांबलचक यादी तयारच होती. आज काय शिकवलंत, असं कुणी विचारत नव्हतं. विचारलं असतं तर शाळा कधीच बंद पडली असती.

भैरवीला या शाळेत अमरसिंहच्या बायकोनं, श्यामलानं घातलं होतं. श्यामला बी.एस्सी. होती आणि घरच्या दिवशी ती लेकीला खरंच शिकवायची. त्यामुळे तिचे फोटो वाईट यायचे. कधी उशिरा, कधी हललेले, एकदा तर नुसता पंखा. शाळेनं तिला दोनदा समज दिली होती. "शिकवू का फोटो काढत बसू?" असं ती मॅडमनाच विचारून आली होती. सोळा महिन्यांमागं तापाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत ती गेली. शाळा बदल, म्हणून सगळ्या पाहुण्यांनी अमरसिंहला सांगून बघितलं.

"तिनं घातलीया. तितंच शिकंल," एवढंच तो म्हणाला. आपण दहावी पास, दिवसभर मशीनवर उभे, मग घरच्या दिवशी शिकवणार कोण, हे मात्र त्यानं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. लोकांना सल्ला द्यायचा असतो, उत्तर ऐकायचं नसतं.

फुलेवाडीत त्यांच्या समोरच्या खोलीत अंबूबाई राहायच्या. मंगळवारी-गुरुवारी भैरवी त्यांच्याकडं असायची. अंबूबाईंना लिहिता येत नव्हतं, पण फोटो काढता यायचा. गेलं वर्ष अमरसिंहनं पहाटे भैरवीला उठवून एकेक फोटो काढत भागवलं होतं. या जूनमध्ये एका रविवारी त्यानं अंबूबाईंना बोलावलं. शाळा सगळ्या सहामाहीच्या वचनांची यादी आधीच द्यायची. त्यानं ती पुढ्यात ठेवली, कपाटातून सात शर्ट काढले, भैरवीचे सहा फ्रॉक काढले आणि पाटी पुसायला ओलं फडकं घेतलं. दुपारपर्यंत चाळीस फोटो झाले.

"ह्यो चौकड्याचा दोनदा झाला की ओ," अंबूबाई म्हणाल्या.

"एक जुलैचा हाय, एक सप्टेंबरचा."

"मग सप्टेंबरात जरा दाढी वाढीव की. कायम कसा रं तू आत्ताच न्हाव्याकडनं आल्यावानी?"

खोटं बोलू नये अशा अर्थाचं एक वचन ऑगस्टच्या पहिल्या गुरुवारी होतं. त्या फोटोत अमरसिंहचं अक्षर सगळ्यात सुबक आलं होतं.

दीड महिना सगळं ठीक चाललं. मग एका बुधवारी शाळेत डबा खाताना भैरवीचा वरचा, हसताना दिसणारा सुळा पडला. सगळ्या वर्गानं तो बघितला, वर्गाच्या आवळे मॅडमनी कागदात गुंडाळून दिला. गुरुवारी सकाळी बसमधून फोटो गेला. त्यात भैरवी बत्तीशी दाखवून हसत होती.

आवळे मॅडम घरच्या दिवसांचं रजिस्टर सांभाळायच्या. त्यांचा फोन दहा वाजता आला. अमरसिंह मशीन थांबवून बाहेर आला.

"भैरवीचे पप्पा, काल तिचा दात पडला ना?"

"व्हय की."

"आज फोटोत आहे."

अमरसिंहनं भट्टीच्या चिमणीकडं बघितलं. "आला," तो म्हणाला.

"एका रात्रीत?"

"आमच्यात लवकर येत्यात, मॅडम."

मॅडमनी रजिस्टरात हजेरीची खूण केली. मग "बरं, देवाची कृपा," म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. शुक्रवारी भैरवी खिंडार घेऊनच वर्गात गेली, पण रजिस्टरात हजेरी लागली होती. लागलेली हजेरी काढायला प्रिन्सिपॉल सरांची सही लागते, आणि सर बैठकीत होते.

घाबरलेल्या अमरसिंहनं पुढच्या रविवारी उरलेले सगळे फोटो नव्यानं काढले. या वेळी हुकूम एकच होता, तोंड मिटायचं. दात पडू दे, येऊ दे, वाकडा येऊ दे, दिसलाच नाही म्हणजे झालं. भैरवीनं मान खाली घालून पुस्तकात बघायचं आणि अमरसिंहनंही मान खाली घालून तिच्या वहीत बघायचं.

"आता कसं मयताला बसल्यागत दिसतंय," अंबूबाई म्हणाल्या.

शाळेला तसं दिसलं नाही. बाकीच्या घरांतली मुलं फोटोत कॅमेऱ्याकडं बघून दोन बोटं दाखवत होती. एकाच घरातली मुलगी पुस्तकातून मान वर काढत नव्हती आणि तिचा बाप वहीतून. प्रिन्सिपॉल सरांनी ते फोटो पालकसभेत पडद्यावर मोठे करून दाखवले. "ही एकाग्रता बघा," ते म्हणाले. "आणि या गृहस्थांची पत्नी हयात नाही. तुम्हाला सबब तरी काय आहे?" सगळ्यांनी माना वळवून अमरसिंहकडं बघितलं. तो उठून उभा राहिला, मग बसला. त्याला त्या वर्षीचा आदर्श गृहपालक ठरवण्यात आलं. त्यावरच थांबले असते तरी चाललं असतं. पण एखादी गोष्ट चांगली दिसली की तिचं प्रशिक्षण काढल्याशिवाय शाळांना चैन पडत नाही. येत्या गुरुवारी पाच पालक आवळे मॅडमबरोबर अमरसिंहच्या घरी येतील आणि घरचा दिवस कसा चालतो ते प्रत्यक्ष बघतील, असं सरांनी तिथंच जाहीर केलं.

अमरसिंहनं रजा टाकली. बुधवारी संध्याकाळी त्यानं भैरवीची घरच्या दिवसाची वही पहिल्यांदा उघडली. पहिल्या पानावर श्यामलानं आखलेला समास होता. पुढं सगळी पानं कोरी होती.

"उद्या काय असतंय तुमचं?" त्यानं विचारलं.

"फ्रॅक्शन्स."

"म्हणजे?"

"ते तुम्ही सांगायचं असतंय, पप्पा."

चौथीलाच पाचवीचं गणित घेतो, हा शाळेचा अभिमान होता. पुस्तकात पिझ्झ्याची चित्रं होती. पहिला प्रश्न असा होता, की एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश मिळून किती. अमरसिंह त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं अंबूबाईंना दोन भाकरी जास्त टाकायला सांगितल्या.

गुरुवारी सकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. तीन आया होत्या, एक बाप होता आणि पाचवे मीरासाब होते. मीरासाबांचं सोफा-गाद्यांचं दुकान होतं आणि नात मुबशिरा भैरवीच्या वर्गात होती. मुबशिराचे आईबाप पुण्याला नोकरीला, म्हणून शाळेच्या परवानगीनं घरचे दिवस आजोबांच्या गळ्यात. आवळे मॅडमनी प्रार्थना घेतली. मीरासाबांनीही मनापासून डोळे मिटले.

अमरसिंहनं एका भाकरीचे तीन तुकडे केले, दुसरीचे चार. तिच्यातला एक उचलला, हिच्यातला एक उचलला आणि लेकीपुढं धरले.

"ह्यो एक तृतीयांश, ह्यो एक चतुर्थांश. मिळून किती?"

भैरवीनं तुकड्यांकडं बघितलं. "दोन," ती म्हणाली.

"शाब्बास."

"बराबर हाय की," मीरासाब म्हणाले. एका आईनं वहीत लिहूनही घेतलं.

आवळे मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं. मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि गोड आवाजात भैरवीला विचारलं, "बाळ, घरच्या दिवशी तू रोज काय काय करतेस?"

अमरसिंहनं तिच्याकडं डोळे वटारले. पण ती मान खाली घालून बसली होती. सवयच लागली होती.

"वाट बघते," भैरवी म्हणाली.

"कशाची?"

"पप्पांच्या बसची."

अमरसिंहच्या हातात अजून भाकरीचे दोन तुकडे होते. ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. जागा गेली, एवढंच त्याला कळलं. श्यामलानं रांगेत उभं राहून मिळवलेली जागा त्यानं भरल्या घरात घालवली.

"मॅडम," तो म्हणाला, "समदे फोटो एका रविवारचे हायत. म्हंजे दोन रविवारचे. पोरीची काय चूक न्हाय. तिचं नाव काढू नका."

मॅडमनी पर्समधून रजिस्टर काढलं. तेवढ्यात मीरासाब खाकरले.

"मॅडम, लिहिताच हाय तर माझंबी लिवा. आमच्या फोटोत पुस्तक धरलेला हात हाय न्हवं, त्यो माझा न्हाय. दुकानातला कारागीर हाय. मला चष्म्याबिगर दिसत न्हाय आणि चष्मा घातला तर फोटोत चकाकतंय."

"आमच्याकडं शिकवणीचे सर येतात," वहीत लिहून घेणारी आई म्हणाली. "मी फक्त फोटोपुरती बसते. सर पाणी पिऊन येतात तोवर."

"आमची पोरगी तर अजून झोपलेलीच असती," बाप म्हणाला. "झोपेतच पुस्तक धराय देतोय."

आणखी दोघी उरल्या होत्या. त्या चपलांकडं बघू लागल्या.

आवळे मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. "झालं सगळ्यांचं?" त्यांनी विचारलं. "आता माझं ऐका. खरं लिहिलं तर सोमवारी मला वर्गात रिकाम्या बाकांना शिकवावं लागेल. आणि भैरवीचे पप्पा, तुमचा दात मी त्या दिवशीच ओळखला होता. सगळ्या फोटोंत निदान तुमचेच फोटो नीट होते, म्हणून सरांपुढं ठेवले." मग त्यांनी सगळ्यांसमोर रजिस्टरात लिहिलं, 'प्रात्यक्षिक उत्तम. पालकांनी मोकळेपणानं अनुभव सांगितले.' हे दुसरं वाक्य खरं होतं. त्यांनी चहा घेतला, भाकरीचा एक चतुर्थांश खाल्ला आणि त्या गेल्या.

सोमवारी शाळेचं परिपत्रक आलं. घरच्या दिवसाच्या फोटोत यापुढं मूल आणि पालक या दोघांच्याही माना खाली असाव्यात. मंगळवारी तीनशे घरांनी माना खाली घातल्या. प्रिन्सिपॉल सर समाधानी झाले. पुढच्या परिषदेला ते हेच फोटो घेऊन जाणार असल्याचं कळलं.

भैरवीची जागा वाचली होती. उरलेले सतरा फोटो फोनमध्ये तयार होते. अमरसिंहला काहीच करायचं कारण नव्हतं. पण "वाट बघते" हे त्याच्या कानातून जाईना. मशीन चालू असलं तरी ते ऐकू यायचं. आठवडाभरानं तो सुपरवायझरपुढं जाऊन उभा राहिला आणि त्यानं दुपारची पाळी मागून घेतली.

"दुपारची कुणी मागत न्हाय, आणि तू मागतुयास?" सुपरवायझर म्हणाला. "घरात काय भांडण हाय काय?"

"भांडाय कुणी न्हाय," अमरसिंह म्हणाला.

पुढच्या मंगळवारी भांडण झालं. सकाळी सातला बापलेक टेबलापाशी बसले आणि आठपर्यंत दोघांनी दोन वेळा वही फेकली. भैरवी रडली. अमरसिंह "डोकं हाय का खोकं?" म्हणाला आणि कुणाबद्दल म्हणाला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. समोरून अंबूबाई धावत आल्या आणि दारातूनच परत गेल्या. त्या घरात इतक्या मोठ्यानं कुणी बोलून सोळा महिने झाले होते. शेवटी भैरवीनं डोळे पुसले आणि काडेपेटी ओतली. बारा काड्या मोजून घेतल्या. त्यांच्या तिसऱ्या भागात चार आल्या, चौथ्या भागात तीन.

"सात," ती म्हणाली. "बारातल्या सात, पप्पा!"

अमरसिंहनं काड्या पुन्हा मोजल्या. मग पुढचं गणित काढलं. मग त्याच्या पुढचं. एक सुटलं, दोन चुकली, ती पुन्हा मांडली. शर्ट कुठला घातलाय याची त्याला शुद्ध नव्हती. बनियनवरच होता. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता, तो वाजला तेव्हा दहा वाजून गेले होते.

"भैरवीचे पप्पा," आवळे मॅडम म्हणाल्या, "तुमचा आज फोटो नाही. सगळ्या शाळेचे आले. तुमची एकट्याची गैरहजेरी लागतेय. आदर्श पालक तुम्ही, सरांना काय सांगू? काय झालं?"

"शिकवत होतो, मॅडम."

पलीकडून रजिस्टराची पानं उलटल्याचा आवाज आला.

"अहो, त्याला रकाना नाही," मॅडम म्हणाल्या. "मी आपलं आजारी लिहिते."