कुणाचंही न ऐकणारी वही

"बाबा, आता फक्त बंद करा. बंद होताना ती सगळं आपोआप जतन करते. मग मी लगेच छापून आणते," लेकीने पर्स खुर्चीला अडकवत सांगितलं.

बाबांनी कळ दाबली. वही ढिम्म.

"परत दाबा."

"तीनदा दाबली. ऐकत नाही ती. तूच तर शिकवलंस तिला, कुणाचं ऐकायचं नाही म्हणून!"

आणि लेकीला आपण काय करून ठेवलं होतं ते आठवलं.

ही वही म्हणजे तिनेच बाबांसाठी लिहिलेला एक छोटासा प्रोग्रॅम. लेक पोटापाण्यासाठी प्रोग्रॅमच लिहायची. बाबांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, पण आता हात थरथरायचा, पेन धरवत नव्हतं. आज त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती आणि पन्नास वर्षांत जे आईला सांगायचं राहिलं, ते त्यांना लिहून द्यायचं होतं. गुपचूप. म्हणून लेकीने आपल्या जुन्या लॅपटॉपवर मोठ्या अक्षरांची वही करून दिली. पडद्यावर शेवटच्या दहाच ओळी दिसायच्या. जास्त दिसलं की बाबा मागचं खोडत बसतात, हे तिला ठाऊक होतं.

संगणकात चालू असलेल्या कामाला बाहेरून खूण करता येते, तिला सिग्नल म्हणतात. 'थांब' अशी खूण आली की शहाणा प्रोग्रॅम हातातलं आवरतो, जतन करतो आणि मग निजतो. वही तशीच शहाणी होती. घोळ बाबांच्या डाव्या हाताचा होता. इतकी वर्षं चिमट्याने बारीक स्क्रू पकडलेली त्यांची बोटं नेमकी त्याच दोन कळांवर एकदम टेकायची, ज्यांनी ती खूण जाते. वाक्य रंगात आलं की वही बंद!

"तुझी वही मला हाकलून देते," असा फोन दिवसातून चारदा यायला लागला. शेवटी एका मीटिंगमधून लेकीने दुरूनच वहीत दोन ओळी बदलल्या. थांबायची कुठलीही खूण आली तरी दुर्लक्ष कर. फोन बंद झाले, बाबांनी तोवरचं तुटक सगळं पुसून पहिल्यापासून लिहायला घेतलं आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला. फक्त एवढंच तिच्या ध्यानात आलं नाही, की जतन करायचं काम त्या थांबण्यालाच बांधलेलं होतं.

म्हणजे तीन आठवडे बाबा लिहीत होते आणि त्यातलं अक्षरही कुठे साठलेलं नव्हतं. सगळं वहीच्या डोक्यात, आणि वही जागी आहे तोवरच.

"मग जबरदस्तीने बंद कर की," बाबा म्हणाले.

"तशी एक खूण आहे, बाबा. ती कुणालाच टाळता येत नाही. पण ती आवरायला वेळच देत नाही. जागच्या जागी संपवते."

बाबांनी लॅपटॉपवर हात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

बरं, लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली. त्याचा जीव सगळा वायरीत. आणि या घरात सर्वांत मोठा धोका म्हणजे आई. रिकाम्या खोलीत दिवा, पंखा काही चालू दिसलं की ती जाता जाता खट्कन बटण बंद करायची. म्हणूनच बाबांनी भिंतीवरच्या दोन बटणांच्या मधोमध चिठ्ठी चिकटवली होती: 'हे बंद करू नये.'

"आईला संशय नाही ना आला?" लेकीने हळूच विचारलं.

"छे! दुपारी मी लिहितो तेव्हा ती स्वयंपाकघरात असते. तिला कशाचा पत्ता नाही," बाबा म्हणाले. हळू बोलतोय असं त्यांना वाटत होतं. कान जड झाल्यापासून त्यांचं हळू बोलणं शेजारपर्यंत जायचं.

लेक स्वयंपाकघराच्या दारात गेली. आई आत स्टुलावर स्वस्थ बसली होती.

"आई, तू जरा कशाला हात लावू नकोस हं. एकाही बटणाला नाही."

"मी कशाला लावतेय," आई म्हणाली.

एक उपाय होता. चालत्या वहीच्या डोक्यातलं जसंच्या तसं बाहेर उतरवून घेणारं एक साधन मिळतं. ते आणायला इंटरनेट हवं, घरचं नेमकं कालपासून बंद, म्हणजे उरलं लेकीच्या फोनवरचं, आणि फोन मरायला टेकलेला. तिने घाईघाईने चार्जर काढला, लॅपटॉपच्या शेजारच्या जागेत खुपसला आणि बटण दाबलं.

चिठ्ठी दोन बटणांच्या मधोमध होती. लेकीने नेमकं लॅपटॉपचंच दाबलं.

पडदा काळा झाला. आईच्या हाताला जपता जपता घात केला तो खुद्द तज्ज्ञ बाईंनी. लेकीला रडूच फुटलं.

"बाबा, चुकलं हो माझं. सगळं गेलं."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अगं, रडतेस काय वेडे? पन्नास वर्षं नव्हतं सांगितलं, तरी संसार झालाच की." पण त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

तेवढ्यात दारातून आई म्हणाली, "सुरुवात अशी होती. 'तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा तुझं घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. बाजूची चावी नुसती बाहेर ओढलेली होती, ती मी आत दाबली आणि घड्याळ चालू झालं. तरी आठ दिवसांनी या, असं सांगितलं. तू परत यावीस म्हणून.'"

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. "तुला… तुला कसं कळलं?"

"अहो, एकेक शब्द मोठ्याने म्हणत टाइप करता तुम्ही. दुकानातही तसंच, 'आता स्प्रिंग, आता चक्र.' तीन आठवडे दुपारी मी साधा मिक्सर लावलेला नाही."

बाबा कानापर्यंत लाल झाले. "मग बोलली का नाहीस?"

"मध्ये कुणी बोललं की तुम्ही काम खाली ठेवता आणि पुन्हा त्याला हात लावत नाही. मला शेवटपर्यंत ऐकायचं होतं." ती त्यांच्याजवळ येऊन बसली. "आणि ती चावी मीच ओढून आणली होती. तुम्हाला एवढंही कळलं नाही, घड्याळजी?"

लेकीने डोळे पुसले. लॅपटॉप पुन्हा सुरू केला, वहीतल्या त्या दोन ओळी काढून टाकल्या आणि प्रत्येक शब्दाला जतन होईल अशी सोय केली. बाबांनी बोटं कळांवर ठेवली.

"तू… पहिल्यांदा… दुकानात…" त्यांनी मोठ्याने सुरू केलं.

"बाबा, तो डावा हात जरा—"

आईने लेकीच्या तोंडावर हात ठेवला आणि तिला अलगद स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या स्टुलाकडे नेलं.