वाळिंबेकाकांची कृष्णा

वाळिंबेकाका वाडी ओलांडताना चपला हातात घ्यायचे. ओमानात पावसाळी ओढ्याला वाडी म्हणतात. मस्कतमधल्या कुरुमला आमच्या बिल्डिंगसमोरच्या वाडीत वर्षभर धोंडे आणि एखादी चुकार शेळी, एवढंच असे. पण काकांच्या लेखी ती दोन राज्यांच्या सीमेवरची कृष्णा होती. अलीकडे आम्ही विजयनगरवाले, पलीकडच्या बिल्डिंगमध्ये बहामनी.

काका एका बांधकाम कंपनीत नकाशे काढत. बायको-मुलं सांगलीला. एकट्या माणसाने संध्याकाळी करावं काय? कुणी पत्ते कुटतं. काकांनी इतिहास धरला आणि जिन्यात आम्हाला. "अहो, राजे नदीकाठी एकमेकांची डोकी फोडत होते, तेव्हाही दोन्हीकडच्या पेठांत माल येत-जात होता. घोडे तर ह्याच किनाऱ्यावरून जायचे. राजे भांडोत, पेठ चालू पाहिजे!" हे शेवटचं वाक्य ते नवरा-बायकोच्या भांडणापासून क्रिकेटपर्यंत कुठेही चिकटवत.

त्यांचे बहामनी म्हणजे रत्नागिरीचे इब्राहिम परकार. हार्डवेअरचं दुकान, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. परकारभाभी स्टीलच्या डब्यातून सांदणं पाठवत. काका तोच डबा सांगलीहून आलेल्या मेतकुटाने भरून परत करत. शेजाऱ्याचं भांडं रिकामं धाडायचं नाही, ही दोन्ही घरांची रीत.

एकदा परकारांची पिकअप काकांच्या सावलीतल्या जागेत उभी राहिली. मस्कतच्या जूनमध्ये सावली म्हणजे जहागीर. काका म्हणाले, "ही घुसखोरी आहे." परकार म्हणाले, "अरे, गाडी हाय ती, फौज न्हाय." झालं, दोघांचं बोलणं खलास. डबा मात्र चालू राहिला. तो वाहणारं तट्टू होण्याचा मान मला मिळाला.

मग काकांचं मेतकूट संपलं आणि डबा त्यांच्या ओट्यावर पालथा पडून राहिला. तेवढ्यात कळलं की परकार दुकान आवरून कायमचे गावी निघाले.

"काका, द्या तो डबा, पोचवून येतो," मी म्हटलं.

"रिकामा?"

"चिमूटभर साखर घाला. सगळं जग घालतं."

"साखर घालून हात झटकायला ते काय परके आहेत?" काका खेकसले. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसत म्हणाले, "डबा गेला की पेठ उठली. मग माझ्याकडे कोण येणार आहे?"

इतके दिवस आम्ही ह्या माणसाला जिन्यात चुकवत होतो. मला फार वाईट वाटलं. मी तिथेच बसून राहिलो.

निघायच्या दिवशी परकार स्वतःच आले, घामाघूम. "वाळिंबेसाहेब, घरवाली डबा मागते."

काकांनी डबा पुढे केला. "रिकामा आहे. मेतकूट संपलं."

परकारांनी झाकण काढून आत पाहिलं, परत लावलं आणि डबा काकांच्या हातात ठेवला. "मग असा कसा नेऊ? रत्नागिरीला या. भरून आणा."

"चहा टाकतो," म्हणून काका घाईने आत गेले. आम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बसलो. आत नळ वाहत होता, चहाचं नाव नव्हतं. शेवटी परकार उठले आणि स्वयंपाकघरात गेले.