शेजारच्या सीटवरील परवानाधारक प्रौढ

आमच्या राज्यात माणूस अठराव्या वर्षी सज्ञान होतो. तो बंदूक विकत घेऊ शकतो, लग्न करू शकतो, सैन्यात भरती होऊन रणगाडाही चालवू शकतो. मोटारीचं मात्र तसं नाही. पंचविशीच्या आत जो पहिल्यांदा परवाना मागतो, त्याने जन्मात मोटार पाहिलेली नाही असं सरकार धरून चालतं आणि ती समजावून देण्यासाठी त्याला सहा तासांचा अभ्यासक्रम करायला लावतं. पंचविशी उलटली की हे अज्ञान आपोआप दूर होतं.

यारेली कान्टू एकोणीस वर्षांची होती, म्हणजे अज्ञानाच्या ऐन भरात. तिची आई ओफेलिया आमच्या ड्राय फोर्क गावात शाळेची बस चालवायची. निम्मं गाव तिच्या बसमधून शिकून मोठं झालं. पुढे मधुमेहाची साखर डोळ्यांत उतरली, तेव्हा तिने कुणी न सांगता आपला परवाना जाऊन परत केला. "एखादं पोर रस्त्यात आलं आणि मला दिसलं नाही तर?" एवढंच म्हणाली. परवाना स्वतःहून परत करणारी आमच्या जिल्ह्यातली ती पहिली आणि शेवटची. आता दर महिन्याला लासिटरच्या इस्पितळात तिच्या डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागे. ते चुकलं तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. लासिटर तासाभराच्या वाटेवर, आणि बस नाही. चर्चमधल्या बायका आळीपाळीने तिला नेत, पण हळूहळू जिच्या तिच्या घरी पाहुणे येऊ लागले.

म्हणून यारेली अभ्यासक्रमाला बसली. तो संगणकावर होता. गाडी चालवताना पडद्याकडे टक लावून बसू नये, हे सहा तास पडद्याकडे टक लावून शिकायचं होतं. समोर खरी यारेलीच आहे ना, याची खात्री करायला संगणक मध्येच खासगी प्रश्न विचारी. 'तुमच्या पहिल्या मोटारीचा रंग कोणता?'

यारेलीने लिहिलं, 'मोटार नाही.' उत्तर चुकलं. 'अजून घेतलेली नाही.' तेही चुकलं.

"अगं, लाल लिही," आई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"लाल का?"

"मला घ्यायची होती."

लाल बरोबर निघालं. यारेली आनंदाने प्रमाणपत्र घेऊन लासिटरच्या परवाना कार्यालयात गेली. खिडकीमागे मिस प्रुइट बसल्या होत्या.

"तुमच्या लाल मोटारीचा विमा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मॅम, माझ्याकडे लाल मोटार नाही."

"इथे आहे. परवाना नसताना मोटार बाळगली, वर विमा नाही."

"ती कधी नव्हतीच हो!"

"'नव्हती' असा पर्याय नाही, बाळ. विकली, चोरीला गेली की जळाली?"

विकली म्हणावं तर गिऱ्हाईक दाखवा, चोरीला गेली म्हणावं तर पोलिसांत जा. यारेलीने विचार करून सांगितलं, "जळाली."

"अरेरे! कुणाला इजा?"

"अजून तरी नाही," यारेली दात आवळून म्हणाली.

मिस प्रुइटनी मनापासून हळहळ व्यक्त केली आणि शिकाऊ परवाना दिला. अट एकच. शेजारच्या सीटवर परवानाधारक प्रौढ व्यक्ती हवी. उभी हयात बस चालवलेली आई त्यात बसत नव्हती. शेजारचे मिस्टर वेंडेल बसत होते. मिस्टर वेंडेल नव्वदीला टेकले होते. त्यांना एकाचे दोन दिसत, आणि दोन असले तर एकही दिसत नसे. पण त्यांचा परवाना टपालाने दर वेळी नवा होऊन येई. 'दृष्टीत काही बदल?' असा प्रश्न कागदावर असे. तो त्यांना वाचता येत नसे, म्हणून ते तो कोरा सोडत. कोरा याचा अर्थ 'बदल नाही'.

पेकन पाय या सुक्या मेव्याच्या गोड पदार्थावर सौदा ठरला. रोज संध्याकाळी मिस्टर वेंडेल कान्टूंच्या जुन्या गाडीत पुढे बसत आणि गाव संपायच्या आत घोरू लागत. कायद्याचं समाधान होई. शिकवायची ती मागच्या सीटवरून आई, कानांनी.

"ब्रेक उशिरा दाबलास."

"तुला कसं कळलं?"

"मिस्टर वेंडेलचे दात वाजले. बस चालवताना पोरं जागी व्हायला नकोत, तसं थांबायचं. परत कर."

दात वाजेनासे झाले तेव्हा आई म्हणाली, "आता तू तयार आहेस." पण परीक्षेची तारीख मिळता मिळेना. मिळाली ती नेमकी इंजेक्शनच्या दिवसाची. "बरंच झालं," आई म्हणाली. "एका फेरीत दोन्ही कामं."

परीक्षक मिस्टर टॉलिव्हर हे सभ्य, उदास गृहस्थ होते. आई आणि मिस्टर वेंडेल यांना बाकावर बसवून ते यारेलीशेजारी बसले. तिने गाडी सुरेख चालवली. वळण, चढ, मागे घेणं, सगळं. परतीच्या वाटेवर चौकात मात्र एक वयस्कर बाई तांबडा दिवा तोडून मोटारीसकट भरधाव अंगावर आल्या. यारेलीने चाक फिरवलं, गाडी रिकाम्या बाजूला घातली आणि मऊ थांबवली. बाई हात हलवून निघून गेल्या. मिस्टर टॉलिव्हरांचा चेहरा पांढरा पडला होता.

"पोरी, तू माझा जीव वाचवलास," ते म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहू लागले.

"थँक यू, सर. काय लिहिताय?"

"लेन सोडली, इशारा न देता. नापास."

"इशारा द्यायला वेळ कुठे होता?"

"नव्हताच. दिला असतास तर आपण दोघं मेलो असतो. पण पास झाली असतीस."

नापास उमेदवाराने त्या दिवशी चाकाला हात लावायचा नाही, असा नियम होता. इस्पितळाची वेळ भरत आली होती. यारेली कळवळून म्हणाली, "सर, आईच्या डोळ्यांचा प्रश्न आहे. मग गाडी कोण नेणार?"

"अर्थात, परवानाधारक प्रौढ."

मिस्टर वेंडेलना जागं करून चाकामागे बसवण्यात आलं. त्यांनी आधी मागे, मग पुढे आणि मग कार्यालयाच्या फुलांच्या ताटव्यातून गाडी फाटकाबाहेर काढली. मिस प्रुइटनी खिडकीतून हात हलवला. मिस्टर टॉलिव्हरनी सुटकेचा निःश्वास टाकला, कारण आता सगळं कायदेशीर होतं.

कोपऱ्यावर टायर किंचाळले, तशी ओफेलियाने आपल्या बसमध्ये पोरं मारामारी करत तेव्हा काढायची तो आवाज काढला. "वेंडेल! गाडी बाजूला! उतर खाली!"

मिस्टर वेंडेल उतरले. "देवाची शपथ, ओफेलिया," ते म्हणाले, "मला वाटलं, तुम्ही कुणी मला थांबवणारच नाही." यारेलीने चाक घेतलं. रडत रडत, पण लेन न सोडता, तिने आईला वेळेत इस्पितळात पोचवलं. इंजेक्शन झालं. ओफेलियाला आजही दारातून येणारं माणूस कोण ते दिसतं.

पुढच्या खेपेला चौक रिकामा मिळाला आणि यारेली पास झाली. नंतर महिनाभरातच लासिटरला जाहीर सुनावणी ठरली. रस्त्यांवरचे अपघात वाढले होते, म्हणून अभ्यासक्रमाची वयोमर्यादा पंचविशीवरून तिशीवर न्यावी, असा प्रस्ताव होता. आमच्या गावातून आम्ही बरेच जण गेलो. सभागृह भरलं होतं. बहुतेक डोकी पांढरी होती.

यारेली उभी राहिली. "माझी हरकत आहे."

"तुमच्याकडे परवाना आहे का?" अध्यक्षांनी अदबीने विचारलं.

"आहे."

"मग तुम्हाला या नियमाची झळ लागत नाही. हरकत झळ लागणाऱ्यांनीच घ्यायची असते. परवाना नसलेले, तिशीच्या आतले कुणी उपस्थित आहेत का?"

कुणीच नव्हतं. लासिटरला बस येत नाही.

"तरुणांची काहीच हरकत नाही, ही समाधानाची बाब आहे," अध्यक्ष म्हणाले आणि त्यांनी मत घेतलं. यारेली आमच्याकडे एकेक करून बघत होती. आमच्यातल्या कित्येकांना, नाहीतर त्यांच्या पोरांना, तिच्या आईने शाळेत पोचवलं होतं. आम्ही जरा इकडेतिकडे पाहिलं. मग रस्ते सुरक्षित असावेत असं आम्हालाही वाटत असल्यामुळे आम्ही हात वर केले.

तुम्ही आमच्यावर रागावला असाल. रागवा. फक्त त्याआधी एवढं सांगा, तुमचा स्वतःचा परवाना केव्हाच झालाय ना?