पंचण्णांची बिनतोंडी यंत्रे

पंचापकेशरावांच्या घरात तोंड असलेली वस्तू टिकत नसे. अडकित्त्याच्या मुठीवर पोपट होता. त्याचे डोके त्यांनी कानशीने घासून सपाट केले होते. समईच्या टोकावरचा हंस मानेपासून कापलेला होता. झारीची तोटी पूर्वी सिंहाच्या जबड्यातून निघत असे, आता नुसतीच निघत असे. देव्हारा तेवढा वगळला होता. कारण विचारले की म्हणत, "देवास तोंड असूं दे. त्यास लोकांचें गाऱ्हाणें ऐकून मधेंमधें हूं म्हणावें लागतें. समईस काय बोलायचें आहे?"

कुंभकोणमच्या आमच्या मराठी आळीत त्यांना सगळे पंचण्णा म्हणत. कालव्यांच्या सरकारी खात्यात ते ड्राफ्ट्समन होते. कावेरीच्या फाट्यांवरच्या दारांचे नकाशे काढणे हे त्यांचे काम. घरी ते एकटे असत. मी पुण्याच्या एका वृत्तपत्रात उमेदवारी करून परतलो होतो आणि मद्रासच्या एका दैनिकाला या भागातल्या बातम्या पाठवीत असे. पंचण्णा मला नावाने हाक मारीत नसत. ते मला ‘पेपर’ म्हणत. माझे मराठीही त्यांना पसंत नव्हते. "पेपर, तुझें पुण्याचें बोलणें ऐकलें कीं मज कोणी तरी घाईंत जेवतेंय म्हणून वाटतें."

संध्याकाळी कॉफी झाली की ते ओट्यावर बसून गोष्ट सांगत. गोष्ट एकच होती आणि ती वर्षानुवर्षे चालू होती. एक देश आहे. तिथली माणसे निघून गेली आहेत. कुठे आणि का, हे पंचण्णांनी कधी सांगितले नाही. मागे यंत्रे राहिली आहेत. ती आपापले काम करीत आहेत आणि वाट पाहत आहेत.

ही यंत्रे माणसासारखी नव्हती. जनावरासारखीही नव्हती. ‘सहाचाक्या’ देवळाच्या रथाएवढा होता. रथ वळवायला माणसे चाकाखाली लाकडी पाचर टाकतात. याच्याजवळ माणसे उरली नव्हती, म्हणून तो आपली पाचर आपणच टाकी, वळे, आणि ती उचलायला पुन्हा मागे येई. कोपरा वळायला त्याला एक अख्खी संध्याकाळ लागे, ऐकणाऱ्यांनाही लागे. ‘उघडझाप’ म्हणजे कालव्याचे एक दार. त्याला वर जाणे आणि खाली येणे एवढेच ठाऊक होते, पण त्याचा रागलोभ ऐकणाऱ्याला बरोबर कळे. तिसरा ‘रगडा’. त्याचे पोट फिरे, बाकी सगळा जागच्या जागी. "हा तुझ्या जातीचा, पेपर," पंचण्णा म्हणत. "आंत काय पडलें तें पाहत नाही. दळतो."

एकदा मी त्यांना एक बातमी वाचून दाखवली. विलायतेतल्या कुठल्याशा प्रदर्शनात लोखंडी माणूस उभा केला होता. त्याला हात, पाय, डोळे होते आणि त्याने उभे राहून भाषण केले, असे बातमीत होते. ‘यंत्रमानव’ हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. पंचण्णांनी आधी पानाला चुना लावून घेतला.

"भाषण करणारीं माणसें कमी पडलीं काय, म्हणून लोखंडाचींही केलीं?" ते म्हणाले. "इतकें लोखंड घेऊन शेवटीं माणूसच करायचा, म्हणजे त्यांस दुसरें कांहीं सुचलें नाही. तोंड नको. तोंड आलें कीं संपलें."

‘तोंड नको’ हे त्यांचे पालुपद होते.

याच यंत्रांचा त्यांनी खेळ केला होता. कापडाच्या पटावर कावेरीचे फाटे काढलेले. कवड्या टाकायच्या आणि आपली यंत्रे कालव्याकालव्याने पटाच्या मध्यावर आणायची. मध्यावर चौथे यंत्र उभे असे. त्याचे नाव ‘थांबी’. एका अंगाला कललेला एक खांब आणि त्यात एक सैल कडे, एवढीच थांबी. ती हलत नसे, मारता येत नसे, दोघांपैकी कुणाची नसे. आपले यंत्र तिच्याजवळ पोहोचले की खेळणाऱ्याने मोठ्याने "आलों" म्हणायचे. न म्हटल्यास यंत्र पोहोचले नाही असे धरत.

"हा कसला नियम?" मी पहिल्या दिवशी विचारले.

"घरीं गेल्यावर तूं सांगत नाहीस?"

"आई बघतेच की."

"तुझी आई बघते. हिनें कसें बघावें? तोंड कोठें आहे?"

सोंगट्या पुठ्ठ्याच्या होत्या, त्यावर शाईने यंत्रांची चित्रे होती. पंचण्णांच्या डोळ्यांवर पडदा चढू लागला तसे त्यांना सहाचाक्या आणि रगडा वेगळे दिसेनात. ते माझी यंत्रे चालवून जिंकू लागले. सुरुवातीला मला ती लबाडी वाटली. नंतर त्यांनी नकाशाच्या कागदावर रेघ ओढली आणि ती कागदाबाहेर पाटावर गेली, तेव्हा कळले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी फारशी आशा दिली नाही.

पंचण्णांनी तक्रार केली नाही. चष्मा पुसून ठेवला आणि म्हणाले, "पेपर, पुठ्ठा पुरे झाला. बोटांस कळेल असें कांहीं पाहिजे. आणीक तें मज थोडें दिसतंय तोंवर झालें पाहिजे. बरोबर उतरलें कीं नाही हें एकदां तरी बघेन."

स्वामीमलैला पंचलोहाच्या मूर्ती ओतणाऱ्या एका स्थपतींकडे त्यांनी जुनी चित्रे पाठवली. काही आठवड्यांनी निरोप आला, मेणाचे नमुने पाहून जा. आम्ही घोड्याचा जटका करून निघालो. वाटेत तिरुवलंचुळीला पांढऱ्या विनायकासमोर पंचण्णांनी हात जोडले. "ह्याचें पाहा," पुन्हा जटक्यात बसताना म्हणाले, "माणसाचें तोंड सुटलें, तेव्हांच पहिला मान मिळाला."

स्थपती वयस्कर होते, अंगावर उपरणे, बोटांना मेण. त्यांनी केळीच्या पानावर नमुने मांडले. बोलणे सगळे तमिळमध्ये झाले; तिकडे आम्हा मराठी रावांना ‘रायर’ म्हणतात.

पंचण्णांनी सहाचाक्या उचलला, डोळ्यांपाशी नेला, मग बोट फिरवले. बोट थांबले. सहाचाक्याला पुढच्या बाजूला दोन लांबट, सुरेख, माशाच्या आकाराचे डोळे होते. नाकही होते. उघडझापच्या फळीवर मंद हसू होते.

"डोळे कशाला?"

"रायर, डोळे नाहीत तर वाट कशी दिसेल?"

"त्याला वाट दिसायची गरज नाही. तो पाचर टाकतो."

"ते ठीक. पण डोळे नसलेली वस्तू माझ्या घरातून बाहेर गेली तर लोक म्हणतील, म्हाताऱ्याने काम अर्धे टाकले." स्थपतींनी नमुना त्यांच्या हातातून घेतला. "आणि खरे सांगू का? डोळ्यांसाठी नाही केले. मापासाठी केले. आमचे सगळे माप तोंडावरून निघते. हनुवटीपासून केसांपर्यंत एक ताल. हात किती ताल, पाय किती ताल, उभी मूर्ती किती ताल. तोंड नसेल तर मी सुरुवात कुठून करू? या तिघांना तोंड दिले आणि माप जमले. ही चौथी तशीच राहिली. हिला तोंड बसवायला जागाच नाही."

थांबी खरोखरच केलेली नव्हती. पानावर तिच्या जागी मेणाचा गोळा होता.

स्थपतींनी नारळाच्या झावळीची एक पट्टी घेतली आणि ते बोटांत तिच्या घड्या घालू लागले. माप घेण्याची त्यांची तीच पद्धत. "माप म्हणजे कुणाचे तरी अंग, रायर. हवेतून माप निघत नाही. ही कुणाची आहे तेवढे सांगा. तोंडाची लांबी अदमासाने सांगितलीत तरी चालेल."

"आठवत नाही," पंचण्णा म्हणाले.

त्यांनी कमरेची पानाची चंची सोडली. सुपारी बाजूला केली, लवंगेची डबी बाजूला केली आणि तळातून रुप्याचा एक गोट काढला. तो लहान होता, नुकत्या सासरी आलेल्या मुलीच्या हातात जाईल एवढा.

"खांदा आठवतो. दाराच्या चौकटीला टेकलेला असे. हात आठवतो, हा हातात होता. घरात वडील माणसे, मी दिवसा वर मान करून कसा पाहणार? मी आलो की हा चौकटीवर वाजे. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली, ती गेलीच. पुढे काही वर्षांनी एकदा चित्र काढायला बसलो. कालव्याची दारे मी न पाहता काढीत असे. खांदा आला, हात आला. तोंड आले नाही."

स्थपतींनी गोट घेतला, झावळीची पट्टी त्याच्या आतून गोल फिरवली, जिथे टोके जुळली तिथे नखाने खूण केली आणि पट्टी दुमडली. पुन्हा दुमडली. मग विळ्यासारखे लहान हत्यार निखाऱ्यावर तापवले आणि सहाचाक्याच्या डोळ्यांवरून एकदा फिरवले. मेण सपाट झाले. "आता सगळीच नव्याने करतो," ते म्हणाले. "या मापाने."

परतताना पंचण्णा जटक्यात झोपले, किंवा डोळे मिटून बसले.

मी घरी येऊन आईला विचारले, पंचण्णांच्या बायकोचा चेहरा आठवतो का. आई तांदूळ निवडत होती. "सीतेचें तोंड?" ती म्हणाली. "विहिरीवर रोज बघत होतें कीं. गोल होतें. हनुवटीवर गोंदलेला ठिपका. हसली कीं एक डोळा लहान होई. का रे?"

दुसऱ्या दिवशी मी पंचण्णांना म्हणालो, "आईला वहिनींचा चेहरा आठवतो. विचारायचा असेल तर—"

ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सपाट केलेल्या पोपटावरून त्यांचा अंगठा फिरत राहिला.

"तोंड नको, पेपर," ते म्हणाले. "तें तुझ्या आईनें पाहिलेलें. उसनें आणून लावलें तर मज ती दुसरीच कोणी वाटेल. मीं पाहिली तेवढी पुरे." मग सुपारी माझ्यापुढे सरकवली. "आईस सांग, विचारलें म्हणून बरें वाटलें."

यंत्रे आली तेव्हा पंचण्णांना उजेड आणि सावली एवढेच दिसत होते. त्यांनी थांबी खिडकीपाशी नेली, उन्हात धरली, थोडी कलती केली. बरोबर उतरली की नाही हे मी विचारले नाही. त्यांनी तिला पटाच्या मध्यावर ठेवले आणि माझ्यापुढे कवड्या टाकल्या.

आम्ही खेळलो. आता ते माझी यंत्रे चालवीत नव्हते. बोटांना चाके कळत होती. सहाचाक्या एकेक फाटा ओलांडत, एका वळणावर अडत, मागे जात मध्यावर आला आणि कललेल्या खांबाला लागला. सैल कडे घसरले आणि खांबावर वाजले.

"आलों," पंचण्णा म्हणाले.

त्यांचा हात पटावरच राहिला. पुढचा डाव माझा होता. मी कवड्या मुठीत धरून ठेवल्या.