बिनछपराची भाषा

कासममामूंच्या सिनेमात कोणी मरत नसे.

गोळी लागून शिपाई धाडकन पडला, की मामू पडद्याशेजारून खड्या आवाजात सांगत, "दमलाय. लांबनं आलाय, पडू द्या जरा." घोड्यासकट कड्यावरून कोसळलेला माणूस "खाली नदी हाय, पवाय गेलाय." एकदा तर एकाला सरळ फासावर चढवलं. दोर, चौथरा, काळा झगा घातलेला पाद्री, सगळं स्वच्छ दिसत होतं. मामू क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "वजन करायलेत. गोऱ्या लोकांत दरसाल करत्यात." पुढच्याच चित्रात त्या माणसाची बायको तोंड झाकून रडायला लागली. मामू म्हणाले, "कमी भरलं."

पुढे तालमीतली पोरं बसलेली असत. ती सहजासहजी ऐकणारी नव्हती.

"मामू, गोळी छातीत लागली की वो त्याला!"

"लागली की. म्या कुठं न्हाई म्हनतोय? पन तालमीचं अंग हाय."

यावर पोरं आपापले दंड चाचपून बघत.

हे सिनेमे परदेशातून यायचे आणि मुके असायचे. शाहूपुरीच्या पलीकडच्या माळावर तंबू पडे, दिवेलागणीला खेळ सुरू होई. दोन चित्रांच्या मध्ये काळी पाटी यायची आणि तीवर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजी मजकूर. तो लोकांना मराठीत वाचून दाखवायला तंबूच्या मालकाने मामूंना नेमलं होतं, कारण मामू पुस्तकं बांधत. आमच्या गल्लीच्या तोंडाला त्यांचं दुकान होतं. दरबारच्या कचेरीतली दप्तरं, वकिलांचे जाडजूड ग्रंथ, आमच्या मडमांच्या शाळेतली पुस्तकं, सगळं त्यांच्याकडे यायचं. ज्याच्या दुकानात एवढं इंग्रजी पडलेलं असतं त्याला इंग्रजी येणारच, असा मालकाचा हिशेब होता. मला येतं असं मामू कधी म्हणाले नाहीत. येत नाही असंही म्हणाले नाहीत.

त्यांना एक अक्षर येत नाही हे मला नवव्या वर्षापासून ठाऊक होतं. माझं भूगोलाचं पुस्तक त्यांनी बांधून दिलं, तेव्हा पुठ्ठा सुलटा आणि आतली पृथ्वी उलटी झाली होती. मी भीत भीत म्हटलं, "मामू, हे उलटं बांधलंय."

त्यांनी पुस्तक हातात घेतलं, शिवण ओढून पाहिली, डिंकाचा वास घेतला. "शिवण एक नंबर हाय, ताई. तुमी फिरवून धरा की."

भाषांविषयी त्यांचं स्वतःचं शास्त्र होतं. "मराठी अक्षराच्या डोक्यावर छप्पर असतंय. खाली कुनीबी येऊन बसावं. विंग्रजी बिनछपराची भाषा. उभीच्या उभी भिजतीया बिचारी." त्यामुळे इंग्रजीविषयी त्यांना आदर नव्हता, कणव होती. गल्लीतली माणसं औषधाच्या बाटल्या घेऊन त्यांच्याकडे येत. मामू बाटली उजेडात धरत, कपाळाला आठ्या घालत आणि वाचत, "म्हंजे काय, तर, हलवून घ्या. आनि काळजी करू नका." प्रत्येक बाटलीवर हेच लिहिलेलं असे. बहुतेक माणसं बरी होत.

मी मडमांच्या शाळेत इंग्रजीतून शिकत होते. महाराजांच्या राज्यात मुलींनी शिकावं असं वारं होतं, आणि वडील कचेरीत असल्यामुळे ते आमच्या घरात जरा जोरात शिरलं होतं. पण मी बोलत नसे. शाळेत इंग्रजी चुकेल म्हणून आणि गल्लीत मराठी पुस्तकी वाटेल म्हणून. वहिनी कबनूरची. ती माझ्यासमोर पाहुण्यांना सांगायची, "आमच्या वन्संस्नी दोन भाषा येत्यात, पन दोनींत मुक्या हाईत." पाहुणे हसत. मीही हसत असे.

तंबूत बायका पडद्याच्या मागे बसत. पडदा म्हणजे मोठं पांढरं कापड. खेळाच्या आधी त्यावर पाणी मारून भिजवत, म्हणजे पुढचं चित्र मागेही उमटायचं. फक्त उलटं. आमच्या बाजूला सगळे शूर वीर डावखुरे होते आणि इंग्रजी पाट्या उजवीकडून डावीकडे धावायच्या. मामू आम्हाला दिसत नसत, त्यांचा आवाज तेवढा कापडातून यायचा. चार-पाच खेळांत मी उलट्या पाट्या वाचायला शिकले. मामू एक सांगायचे, मी मनात दुसरं वाचायचे. ही माझी एकटीची करमणूक होती, आणि खरं सांगायचं तर गर्वही. तंबूभर माणसांत खरं काय ते मलाच कळतंय, आणि मी ते कुणाला सांगत नाही.

मामूंची बायको, मामी, प्रत्येक खेळाला आमच्यातच बसत. ठेंगणी, गप्प बाई. सगळ्या बायका चित्राकडे पाहत. मामी चित्राकडे पाहत आणि मामू बोलायला लागले की मान खाली घालून ऐकत. मामू म्हणाले, "दमलाय," की मामी हलकेच मान डोलवत. मला वाटायचं, भोळी आहे.

एका दिवशीच्या सिनेमात एक आई होती आणि तिची लहान मुलगी. मुलीला ताप भरला, डॉक्टर आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला. मग पाटी आली. मामूंनी घसा साफ केला. "म्हंजे काय, तर, ताप उतारला. पोरगी निजलीया."

मागच्या बायकांनी सुस्कारा सोडला. वहिनीने मला कोपराने ढोसलं. "व्हय वो वन्सं? असंच लिवलंय? का मामूच सांगत्यात? एवढं शिकून तुमास्नी बी मामूकडनंच ऐकाय लागतंय व्हय?"

तिने गंमत केली होती. रोजच करायची. त्या दिवशी मला काय झालं ते आजही सांगता येत नाही. आयुष्यात कधी काढला नव्हता एवढा मोठा आवाज मी काढला आणि म्हटलं, "नाही. मेली. मुलगी मेली असं लिहिलंय."

कापडाला भिंतीसारखी जाडी नसते. पुढे सगळ्यांना ऐकू गेलं.

तालमीतल्या पोरांनी गलका केला. "मामू, पोरीनं चीत केलं की!" "मागनं वाचलं वो तिनं, उलटं!" "मामू, मग त्या फाशीवाल्याचं वजन किती भरलं?" तंबू हसून लोळत होता. मामूंचा आवाज आला नाही. सिनेमा तसाच पुढे चालला, आणि पहिल्यांदाच तो खरोखर मुका होता.

मामी रडल्या नाहीत. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, माझ्याकडे न पाहता उठल्या आणि तंबूची कनात वर करून बाहेर गेल्या.

घरी वहिनीने प्रसंग साग्रसंगीत सांगितला. वडील खूश झाले. "उलटं वाचलंस?" असं त्यांनी तीनदा विचारलं. आई भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला.

"मामी हुती तितं?"

"हुती की," वहिनी म्हणाली.

मग आईने सांगितलं. प्लेगच्या साली मामूंची चार वर्षांची मुलगी आजारी होती. मामू पुठ्ठ्यांना लावायचं कापड आणायला इचलकरंजीला गेले होते. दुपारी परतले, तर मामी दारात बसलेल्या. आत जाऊ लागले तशी म्हणाल्या, "हळू जावा. निजलीया." त्यानंतर त्या घरात तिच्याविषयी दुसरा शब्द कधी निघाला नाही. मुलीला कबरस्तानात पोचवून आले तरी नाही. शेजारीपाजारी कुणी बोलायला लागलं, की मामू म्हणत, "निजलीया ती," आणि विषय बदलत.

"ते काय अडानी म्हनून खोटं वाचतंय व्हय?" आई म्हणाली. "ते कापडाच्या मागं बसलेल्या एका बाईसाठनं वाचतंय. समद्या गल्लीला ठावं हाय. तुलाच ठावं न्हाई. तुझं नाक पुस्तकात."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कचेरीत माझं कौतुक सांगितलं आणि संध्याकाळी त्यांचे एक साहेब घरी येऊन माझ्याकडून उलटं पुस्तक वाचून घेऊन गेले.

मालकाने मामूंच्या जागी एक मास्तर आणले. मास्तर शुद्ध वाचत. अक्षर न् अक्षर खरं. शुद्धलेखन घालावं तसं एकेक वाक्य दोनदा म्हणत. पहिल्या आठवड्यात सतरा माणसं मेली, वहिनीने मोजली. तालमीतली पोरं कंटाळली. "ह्ये काय सिनेमा हाय का मसनवाटा?" असं एकाने भर खेळात विचारलं. मास्तरांनी त्याला बाकावर उभं राहायला सांगितलं. बाक नव्हतं. तंबू ओस पडायला लागला.

मी मामूंच्या दुकानात गेले. बरोबर एक पुस्तक नेलं होतं, त्याची शिवण आदल्या दिवशी मीच उसवली होती. क्षमा मागायची होती. शाळेत आम्ही दिवसातून चाळीस वेळा 'सॉरी' म्हणत असू, दौत सांडली तरी आणि नुसता धक्का लागला तरी. आमच्या घरात, गल्लीत तसा शब्द मी कधी ऐकला नव्हता. चुकलेला माणूस दुसऱ्या दिवशी वाटीभर आमटी पाठवतो. मला आमटीही येत नव्हती.

उसवलेली शिवण मामूंनी पाहिली. ती आपोआप सुटलेली नाही हे त्यांना एका नजरेत कळलं असणार. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "ताई, तितनं, मागनं, उलटं दिसतंय न्हवं?"

"हो."

"उलटं असून वाचलं तुमी?" त्यांच्या आवाजात नुसतं कौतुक होतं. "शाबास. शिकल्याल्या मानसानं खरंच वाचाय पायजे."

"मामी कशा आहेत?" मी विचारलं.

"निवांत हाय."

आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या. मामी बाहेर आल्या नाहीत. लहानपणापासून त्या दुकानातून मी कधी गूळ-शेंगा खाल्ल्याशिवाय परतले नव्हते. त्या दिवशी पुस्तक तेवढं घेऊन परतले. 'सॉरी' तोंडातच राहिलं.

शेवटी मालकाने हात जोडून मामूंना परत आणलं. लोक यावेत म्हणून त्याने तोच सिनेमा पुन्हा लावला. गावाला आता त्यात रस होता. मामू या वेळी काय सांगणार, यावर तालमीत पैजा लागल्या. मी जाणार नव्हते. वहिनीने ओढून नेलं. तिलाही रुखरुख होती, ती फक्त मोठ्याने बोलायची.

मामी आल्या होत्या. आमच्यापासून लांब, कडेला.

मुलीला ताप भरला. डॉक्टर आला. टोपी हातात घेऊन उभा राहिला. पाटी आली.

पोरं थांबून राहिली. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येत होती. मग मामूंचा आवाज आला, खूप साधा. "पावणं, मला हे वाचाय येत न्हाई. कवाच येत नव्हतं." कुणी हसलं नाही. "मागं ताई हाईत का? ताई, तुमी सांगा. काय लिवलंय?"

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. एक खरं उत्तर होतं आणि एक बरं. मला दोन्ही येत होती, दोन भाषांत. वहिनीने माझा हात घट्ट धरला, या वेळी ढोसलं नाही. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही.

"गेली वो ती," मामी म्हणाल्या.

त्या बसल्या जागेवरूनच बोलल्या, चित्राकडे पाहत. "वाचाय कशाला पायजे? दिसतंय की. आईच्या तोंडावर दिसतंय. मला पयल्यापासनं समद्यांचं दिसतंय. तुमास्नी बरं वाटतंय म्हनून मान हलवत हुते. गेली ती. म्हना आता."

पाटी केव्हाच निघून गेली होती. पडद्यावर दुसऱ्याच कुणाची मेजवानी सुरू झाली होती, डावखुरे लोक डाव्या हातांनी पेले उचलत होते.

"गेली," मामू म्हणाले. आणि थोड्या वेळाने, तंबूला नव्हे, कापडाला विचारावं तसं, "कवा?"

"पहाटंचं. तुमी कापड आनाय निघालासा, त्याच्या जरा मागनं."

"मला हाक न्हाई मारलीस?"

"मारली. तुमी वळनावर गेलतासा."

पुढून कुणीतरी गोंधळून विचारलं, "मामू, हे कुटं लिवलंय?" त्याला शेजारच्याने गप्प केलं.

मामी उठल्या. ओल्या पडद्याजवळ गेल्या आणि अगदी त्याला लागून खाली बसल्या. पलीकडे यंत्राच्या उजेडात मामूंची सावली पडली होती, मेजवानीच्या मधोमध. एरवी कुणाची सावली पडली की पोरं आरडाओरडा करत. ती सावली हळूहळू वाकली आणि मामींच्या समोर येऊन खाली बसली.

बाकीच्या बायकांनी नजरा दुसरीकडे वळवल्या. वहिनीनेसुद्धा. मीही वळवायला हवी होती. मी पाहत राहिले.