पंचेचाळीस कॅप्सुलांची चव

बाटलीत पंचावन्न कॅप्सूल उरायला हव्या होत्या. नर्सने त्या ट्रेमध्ये ओतून मोजल्या, तर भरल्या दहा.

"परत मोजा," मुलीचे वडील म्हणाले. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये ते तीस वर्षं मुख्य आचारी होते आणि चूक नेहमी समोरच्याचीच असते, हा त्यांचा रोजचा अनुभव होता. नर्सने परत मोजल्या. मग त्यांनी स्वतः मोजल्या. दहाच.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिला फिट्स यायच्या. गेल्या सात महिन्यांत मात्र एकही आली नव्हती. दुसऱ्या गावी, नकाशे छापणाऱ्या कचेरीत तिला नोकरी लागली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं आणि 'एकटी राहू शकते' असं डॉक्टरबाईंचं पत्र त्याआधी हवं होतं. फिट्सच्या नेहमीच्या गोळ्यांना व्हिटॅमिन ई ची जोड दिली तर फायदा होतो का, याचा डॉक्टरबाई अभ्यास करत होत्या. काही बाटल्यांत व्हिटॅमिन होतं, काहींत नुसतं तेल. कुणाला काय मिळालं, हे शेवटपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं. मुलीला शंभर कॅप्सूल दिल्या होत्या, रोज एक, आणि आज पंचेचाळिसावा दिवस होता.

"तू रोज दोन घेत होतीस का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

मुलीने उत्तर देण्याआधीच वडील मदतीला धावले. ती कशाला दोन घेईल? बाटली कुठल्या फडताळात असते हेसुद्धा तिला माहीत नाही. सकाळी ते स्वतः एक काढून तिच्या हातावर ठेवतात. फिट्सच्या गोळ्या तिच्या ती गजर लावून घेते, पण व्हिटॅमिन म्हणजे खाणंच, आणि घरातलं खाणं हे त्यांचं खातं.

"म्हणजे हातावर ठेवल्याशिवाय ती घेत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी पत्राचा कागद बाजूला सारला.

मदत अंगाशी आली हे आचाऱ्याच्या लक्षात आलं. लेक खाली मान घालून बसली होती. लहानपणी फिट येऊन गेल्यावर ती अशीच बसायची. 

"त्या पंचेचाळीस मी खाल्ल्या," ते म्हणाले.

तिसऱ्यांदा मोजायला घेतलेली नर्स थांबली.

"चव घेतल्याशिवाय मी आजवर कुणाला काही वाढलेलं नाही. रोज आधी एक मी फोडून बघायचो, मग तिला द्यायचो."

डॉक्टरबाईंनी आधी त्यांची नाडी बघितली, रक्तदाब बघितला. सगळं ठणठणीत होतं. मग मुलीच्या नेहमीच्या गोळ्या मोजायला लावल्या. त्या एकूण एक बरोबर निघाल्या.

"आणि अभ्यासाचं म्हणाल," आचारी आता रंगात आले होते, "तर त्यात व्हिटॅमिनबिटॅमिन काही नाही. साधं सूर्यफुलाचं तेल आहे. मी पहिल्याच दिवशी ओळखलं."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, पहिल्याच दिवशी ओळखलं होतं," मुलगी म्हणाली, "तर मग पुढचे चव्वेचाळीस दिवस?"

"चव रोज बघावी लागते."

मुलीला अभ्यासातून त्याच मिनिटाला वगळण्यात आलं. पत्र मात्र मिळालं. 'रुग्ण औषधं चोख घेते, एकटी राहू शकते,' असं लिहून डॉक्टरबाईंनी खाली एक ओळ जोडली, 'किंबहुना, तेच बरं.'

सोमवारी सकाळी नव्या खोलीत गजर झाला, मुलीने गोळी घेतली आणि पाठोपाठ फोन वाजला.

"घेतलीस?"

"घेतली, बाबा."

"कशी होती?"

"कडू."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न चाखलेली गोष्ट पास केली.