हॉलिसच्या बंदुकीची वाकडी मान

आमच्या ओहायोच्या या कोपऱ्यात रुमानियन बंदुका ओळखणारे पुष्कळ आहेत. पण हात पिठाने भरलेले असताना, पाठ फिरवून, नुसत्या खुळखुळण्यावरून ओळखणारी एकच, आणि ती मी! ही बढाई नाही हो. नवरा न्याहारीला दुसरा विषयच काढत नसेल तर कुठलीही बाई शिकेल. डेलबर्टशी लग्न केल्यापासून मी अंड्यांबरोबर हेच गिळत आले आहे. मॅगझिनच्या, म्हणजे गोळ्यांच्या डब्याच्या वर, बंदुकीच्या अंगाला खळी असेल तर ती थोरली, 'सार' नावाची. खळी नसेल आणि मॅगझिन म्हाताऱ्याच्या कवळीसारखं हलत असेल तर ती धाकटी, 'वासर' नावाची. आणि दस्त्याला अंगठा घालायचं भोक असेल तर ती आयातबंदीच्या काळातली. भोक पाडलं की बंदूक सभ्य दिसते असं तेव्हा सरकारला वाटलं होतं.

घराण्याची खूण मात्र एकच. नळीच्या टोकाला नेम धरायची जी खुंटी असते ना, ती पुष्कळदा जराशी कललेली असते. शेजाऱ्यांचं भांडण ऐकायला कुणी मान तिरकी करावी, तशी!

या खुंटीवरूनच आमच्या घरात फूट पडली होती. डेलबर्टकडे थोरली, त्याचा भाऊ हॉलिस याच्याकडे धाकटी. हॉलिसची इतकी वाकडी की नेम धरताना तो डोकं डावीकडे कलवायचा, आणि पुढे पुढे ते तसंच राहिलं. लग्नात तसा, चर्चमध्ये तसा, फोटोत तसा. पण तो म्हणायचा, "डेल, तुझीही वाकडीच आहे!" आणि डेलबर्ट म्हणायचा, "माझी सरळ आहे!" दोघं जन्मभर हेच म्हणत राहिले.

गेल्या हिवाळ्यात हॉलिस गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना त्याची बायको वाँडा डेलबर्टला म्हणाली, "आता तरी कबूल कर. त्याच्यासाठी."

माझा नवरा भला आहे हो, पण खोटं बोलायचं म्हटलं की त्याची जीभच गोठते. तो म्हणाला, "वाँडा, माझी सरळच आहे."

वाँडाने ताटली खाली ठेवली, कोट घातला आणि गेली. त्यानंतर आमच्याशी एक शब्द नाही.

अशात जत्रेच्या मैदानावरच्या हॉलमध्ये संग्राहक क्लबचं प्रदर्शन ठरलं. डेलबर्टने रुमानियन बंदुकांमधले फरक समजावून सांगायचे होते. धाकटी त्याच्याकडे नव्हती. त्याने जीव मुठीत धरून वाँडाला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी वाँडा दारात! एका हातात पेटी, पेटीवर चिकटपट्टीवर हॉलिसचं नाव. दुसऱ्या हातात बटाट्याच्या सॅलडचं भांडं.

"रविवारी दोन्ही परत पाहिजेत," ती म्हणाली आणि गेली.

बटाट्याचं सॅलड! म्हणजे तहाची बोलणी सुरू! डेलबर्टच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्याने पेटी उघडली, बंदूक डोळ्याला लावली आणि उसासा टाकला. "काय गं ही वाकडी! शनिवारी अख्खा हॉल हेच बघणार."

मला वाटलं, बिचाऱ्याला काळजी पडली. लोक त्याच्या मेलेल्या भावाला हसतील म्हणून! आणि मग माझ्या डोक्यात ती सुपीक कल्पना आली.

गुरुवारी डेलबर्ट दाताच्या डॉक्टरकडे गेला. मी कपाटातून हॉलिसच्या नावाची पेटी उचलली आणि तडक एमेटकडे. एमेट हा आमच्या गावातला बंदुका दुरुस्त करणारा. माणूस चांगला, कान कामापुरते.

"एमेट, ही खुंटी सरळ कर. डेलबर्टला कळता कामा नये."

"नक्की?"

"बघ ना किती वाकडी आहे!" मी एक डोळा मिटला. दिसली की मला वाकडी! हॉलिसचंच डोकं समोर आलं.

एमेटने नळी शिकंज्यात धरली, दांडा दाबला, कर्र आवाज झाला. मी त्याला मजुरी म्हणून घरी भाजलेला, पीच भरलेला गोड 'पाय' दिला आणि विजयी मुद्रेने घरी आले.

संध्याकाळी डेलबर्ट स्वयंपाकघरात भाषणाची तालीम करायला लागला. हातात झाडू, अर्धा जबडा अजून बधिर.

"आणि मंडळी," तो झाडू डोळ्याला लावून म्हणाला, "आता आजचं रत्न! माझ्या भावाची बंदूक. इतकी वाकडी खुंटी तुम्ही जन्मात पाहिली नसेल. ही त्याने कधी सरळ करू दिली नाही. आमची वाँडा म्हणते, मी त्या वाकड्या मानेवरच भाळले."

माझ्या हातातलं मक्याच्या पावाचं भांडं थेट जमिनीवर!

"काय झालं गं?"

"काही नाही. छान आहे भाषण. फार छान आहे."

शुक्रवारी सकाळी मी पुन्हा एमेटच्या दारात. "एमेट, वाकडी कर!"

"काय?"

"होती तशी वाकडी कर!"

"नोरीन, सरळ करा म्हणून लोक रोज येतात. वाकडी करा म्हणून आजवर कुणी आलं नाही! किती वाकडी?"

"हॉलिसइतकी."

"कुठल्या बाजूला?"

मी पर्समधून हॉलिसचा फोटो काढला. आम्ही दोघं त्याच्यावर वाकलो. डोकं उजवीकडे.

"उजवीकडे," एमेट म्हणाला.

"अरे, फोटोत तो समोरून दिसतोय! आपण मागून बघणार!"

"म्हणजे डावीकडे. पण खुंटी डावीकडे म्हणून डोकं डावीकडे, की खुंटी उजवीकडे म्हणून डोकं डावीकडे?"

यावर आम्ही दोघांनी आळीपाळीने झाडूचा दांडा डोळ्याला लावून माना इतक्या वाकवल्या की खिडकीबाहेरून जाणारा पोस्टमन थबकला. एमेटने आधी उजवीकडे दाबली. बघवेना. मग डावीकडे दाबली. ती इतकी गेली की बंदूक दारू प्यायल्यासारखी दिसायला लागली. मग थोडी परत. शेवटी मी म्हटलं, "पुरे. हा हॉलिस आहे." माझा आवाज मलाच पटत नव्हता.

शनिवारी हॉलच्या दारात बंदुका रिकाम्या आहेत की नाही ते बघून प्रत्येकीला प्लॅस्टिकची पट्टी बांधतात. मला वाटत होतं, एक माझ्याही तोंडाला बांधावी. आमच्या टेबलाभोवती टोप्यांची गर्दी. आणि गर्दीतून वाट काढत, ठेवणीतला निळा कोट घालून, वाँडा!

"कुठे आहे?" तिने विचारलं.

डेलबर्टने हात पुढे केला, पण हॉलिसच्या पेटीकडे नाही. त्याच्या स्वतःच्या, मखमली अस्तराच्या पेटीकडे! त्यातून बंदूक काढली. मॅगझिन कवळीसारखं खुळखुळलं. खळी नाही. धाकटी!

"तुझी पेटी आतून फाटली होती गं वाँडा," तो ओशाळून म्हणाला. "हॉलिसची बंदूक तिच्यात ठेववेना. मी अदलाबदल केली. माझीला काय, कशातही चालतं."

म्हणजे मी एमेटकडे नेली ती हॉलिसची नव्हतीच! माणूस आपल्या मेलेल्या भावाच्या बंदुकीला आपली मखमल देतो आणि बायकोला सांगतसुद्धा नाही! आणि एवढी ओळखणारी मी, दोन वेळा पेटी उघडून खळीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नुसती टोकाकडे बघत बसले!

वाँडाने बंदूक उचलली, डोळ्याला लावली. तिचं डोकं हळूहळू डावीकडे कललं.

"हाच," ती म्हणाली. "हाच माझा वाकड्या."

हॉलिस वाचला! मी वाचले! मी लोणच्याची काकडी उचलून आनंदाने चावली.

"आणि आता फरक बघा," डेलबर्ट मोठ्याने म्हणाला. "ही माझी. थोरली. पट्टीसारखी सरळ!"

काकडी घशात अडकली.

त्याने बंदूक डोळ्याला लावली. खाली घेतली. चष्मा पुसला. पुन्हा लावली. शेजारच्या लठ्ठ माणसाने ती हातातून घेतली, टोकाकडे पाहिलं आणि हॉलभर ऐकू जाईल असं ओरडला, "अरे डेलबर्ट, ही तर त्या धाकटीपेक्षा वाकडी!"

मी बोलायला तोंड उघडलं. देवाशपथ उघडलं! पण डेलबर्ट आधीच वाँडाकडे वळला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"वाँडा," तो म्हणाला, "तो खरं बोलत होता. इतकी वर्षं! आणि मी त्याला..."

वाँडा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, हसता हसता रडायला लागली आणि टोपीसकट त्याचं डोकं तिने आपल्या निळ्या कोटावर दाबून धरलं.

"गाढवा," ती म्हणाली. "किती वाट बघायला लावलीस रे!"

आता सांगा, अशा वेळी कुठली बाई बोलेल? मी उरलेली काकडी तोंडात कोंबली.

रविवारी वाँडा जेवायला आली ती संध्याकाळपर्यंत हलली नाही. डेलबर्ट म्हणतो, "खुंटी आता सरळ करायची नाही. हॉलिसचा शब्द आहे तो." दोघं मिळून त्या बंदुकीला नावं ठेवतात आणि खुश असतात.

मलाच फक्त झोप येईना. म्हणून मंगळवारी दुसरा पीच-पाय घेऊन एमेटकडे गेले.

"एमेट, खरं सांग. मी पहिल्यांदा आणली, तेव्हा ती सरळ होती की वाकडी?"

एमेटने सुरी शोधली, पीच-पायचा मोठा तुकडा कापला आणि आधी पोटभर खाल्ला.

"मी कुठे बघितलं?" तो म्हणाला. "तू म्हणालीस वाकडी, मी दाबली!"